हुरड्याच्या तळ्याची वही: एका जुन्या पाझर तलावाचं प्रकरण

"पट्टी ७.२०. खाच ५. पाऊस नाही. पाणी निवळ. घुशीचं एक नवं बीळ, पिंपरणीपाशी."

शंभर पानी वहीतली ही एक ओळ. पट्टी म्हणजे तळ्यातल्या पाण्याची पातळी, मीटरमध्ये. खाच म्हणजे भरावातून पाझरणाऱ्या पाण्याचं माप, सेंटिमीटरमध्ये. लिहिणारे मामा, तळ्यावरचे राखणदार, शिक्षण सातवी नापास. या प्रकरणात जे काही वेळेत कळलं ते अशा तीनेकशे ओळींमुळे कळलं. माझ्या पाहणी अहवालामुळे कळलं नाही, हे सुरुवातीलाच सांगतो, कारण अहवाल मीच लिहिला होता आणि त्यात एक मोठी चूक होती. तिच्याकडे पुढे येतो.

तळं सोलापूर शहरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. १९७२ च्या दुष्काळात जिल्हाभर जी पाझर तलावांची कामं निघाली त्यातलंच हे एक. गावातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतं : दिवसभर पाटीनं माती वाहायची, संध्याकाळी मस्टरवर अंगठा, घरी मिलोच्या, म्हणजे रेशनच्या लाल ज्वारीच्या भाकरी. सांगायचा मुद्दा असा, की भराव माणसांनी पाट्या ओतून घातलेला आहे. दबाई दगडी रुळानं, जमेल तेवढी. मध्ये काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण, पाण्याच्या बाजूला दगडांचं अस्तर (पिचिंग). सर्वांत खोल जागी उंची ९ मीटर, लांबी चारशेच्या आसपास, भरल्यावर साठा साधारण ७ लाख घनमीटर. नकाशा मिळाला नाही. मोजमापं आम्हीच घेतली.

नऊ मीटर हा आकडा महत्त्वाचा आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा पंधरा मीटरच्या वरच्या धरणांना लागू होतो, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्यांना काही अटी पुऱ्या होत असतील तर. त्यात आलेल्या धरणाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणं मालकावर बंधनकारक आहे. सोलापूरकरांचा हिप्परग्याचा एकरूख तलाव १८७१ चा, इंग्रजी अमदानीतला. पण उंची वीस मीटरच्या वर असल्यामुळे तो कायद्याच्या नजरेत आहे. आमचं तळं त्याच्याहून शंभर वर्षांनी तरुण आणि एका मीटरनं कायद्याबाहेर. पाण्याला अर्थात हे ठाऊक नसतं.

वापर बदलला

पाझर तलावाचं काम पाणी धरून ठेवणं नाही, मुरवणं आहे. सप्टेंबरात भरायचं, खालच्या विहिरींना पाझर द्यायचा आणि संक्रांतीच्या पुढे-मागे कोरडं पडायचं. त्यामुळे अशा बऱ्याच तलावांना तळाशी विमोचक, म्हणजे पाणी सोडायचं दार, नसतोच. पाणी सोडायचं कुठं, ते जमिनीतच जाणार असतं. भरावही वर्षातले सात-आठ महिने कोरडा राहतो.

पन्नास वर्षांत दोन गोष्टी झाल्या. गाळानं बूड लिंपलं गेलं आणि पाणी एप्रिल-मेपर्यंत टिकायला लागलं. दुसरं, हुरडा पार्ट्यांचा धंदा वाढला. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईची मंडळी कोवळी कणसं, शेंगांची चटणी आणि गुळाच्या खड्यासाठी इकडे येतात. हुरड्यासोबत तळं असेल, तळ्यात पेडल बोट असेल, तर दर आपोआप वाढतो. गावातल्या एका हुशार तरुणानं (याला आपण भाऊ म्हणू) ग्रामपंचायतीशी करार केला. भरावाच्या खालच्या अंगाला दाट सावली होती, तिथं सहा खोल्या आणि हुरड्याची आगटी बांधली. हो, भरावाच्या पायथ्याशीच. सावली तिथंच होती.

हुरड्याच्या हंगामात बोटी तरंगायला पाणी पाहिजे, म्हणून भाऊनं सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, साठ सेंटिमीटर उंचीची विटांची भिंत घातली. मासेमारीच्या ठेकेदारानं तिच्यावर जाळी ठोकली, कटला-रोहूचं बी वाहून जाऊ नये म्हणून. दोघांनीही आपापल्या धंद्याच्या हिशेबानं शहाणपणाचंच काम केलं होतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या साउथ फोर्क धरणाचं हेच झालं होतं. कालव्यासाठी बांधलेलं मातीचं जुनं धरण एका शिकार-मासेमारी क्लबाच्या हाती आलं. आधीच्या मालकानं तळाचे पाइप काढून विकले होते, म्हणजे पाणी उतरवायची सोय गेलेली. क्लबानं सांडव्यावर माशांसाठी जाळ्या लावल्या आणि बग्ग्या जाव्यात म्हणून माथा थोडा खाली घेतला. ३१ मे १८८९ ला मोठ्या पावसात पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि खाली जॉन्सटाउनमध्ये बावीसशेहून अधिक माणसं मेली. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तळ्यावर विमोचक नसणं, सांडवा उचलणं आणि माशांची जाळी या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तेव्हा मला तेच आठवलं. आठवलं, आणि तरी मी अहवालात काय लिहिलं ते पाहा.

पहिली पाहणी, आणि माझी चूक

पाहणी मे महिन्यात केली. मे महिना यासाठी उत्तम. सगळं रान करपलेलं असतं, त्यामुळे ओल लपत नाही. भरावाच्या पायथ्याशी, पाचव्या खोलीच्या मागे, चार-पाच पावलांचा एक हिरवागार पट्टा होता : लव्हाळा, आणि मध्ये दोन पाणकणसं. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात लव्हाळा हिरवा असेल तर तिथं पाणी आहे, यंत्र लागत नाही. टाच दाबली की खळगा ओला व्हायचा. तिथून बारीक धार निघून नाल्याला जात होती. धार स्वच्छ होती.

भरावावर वेड्या बाभळी, एक जुनी पिंपरण, घुशींची बिळं. माथ्यावर काळ्या मातीला उन्हाळ्यात पडतात तशा भेगा, काहींत हात मनगटापर्यंत जायचा. झाडांचं म्हणाल तर मोठं झाड तोडून मोकळं व्हायचं नसतं. मुळं आत कुजली की तीच पाण्याची वाट होते. लहान बाभळी काढायच्या, पिंपरणीवर नजर ठेवायची, असं ठरलं. खेकड्यांबद्दल गावात सर्वांनी हसून विचारलं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून वीसहून अधिक लोक गेले, त्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला होता. तेव्हापासून धरण म्हटलं की हा विनोद होतोच. प्राण्यांची बिळं खरोखर धोक्याची असतात. मात्र बीळ एका रात्रीत पडत नाही, वर्षानुवर्षं दिसत असतं, आणि कुणी पाहत नसतं. तो भाग विनोदात येत नाही.

आता सांडवा. लांबी ३० मीटर. मूळ रचनेत त्याच्यावरून पुराचं पाणी १.२ मीटर उंचीनं जाईल असं धरलेलं असावं. त्या हिशेबानं तो सेकंदाला ६७ घनमीटर पाणी बाहेर काढतो. साठ सेंटिमीटरची भिंत घातली की उरतात साठ सेंटिमीटर. उंची निम्मी झाली म्हणून पाणी निम्मं होत नाही, ते सुमारे एक तृतीयांशावर येतं : २४ घनमीटर. वर जाळीत बाभळीच्या काटक्या आणि प्लास्टिक अडकलं की त्याहून कमी.

पाणलोट दहा चौरस किलोमीटरचा. सोलापुरात वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणून लोकांना वाटतं इथं पुराची भीती कसली. पण तो सारखा पडत नाही. १४ ऑक्टोबर २०२० चा दिवस ज्यांनी पाहिला त्यांना परतीचा पाऊस काय करतो ते सांगायला नको. समजा सहा तासांत १०० मिलिमीटर पडला आणि निम्मं पाणी वाहून तळ्यात आलं. पाच लाख घनमीटर. सरासरी काढली तर सेकंदाला २३ घनमीटर. सांडव्याची उरलेली ताकद २४. आणि पूर सरासरीनं येत नाही, ऐन भरात तो सरासरीच्या दुप्पटही असतो. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी जायला लागलं की मग काही तास हाताशी असतात, तेही असले तर.

हे सगळं गणित मी अहवालात मांडलं आणि शेवटी लिहिलं : "सांडव्यातील भिंत काढण्याची शिफारस करण्यात येते." शिफारस! आधी भिंत काढा, मगच बाकीचं बोलू, असं म्हणायला हवं होतं. भाऊनं ती शिफारस इतर अकरा शिफारशींसोबत फायलीत लावली. जागेची मालकी एका कार्यालयाची, मासे ठेकेदाराचे, बोटी भाऊच्या. भिंत काढायची जबाबदारी नक्की कुणाची, हे पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठरलं नाही.

मोजणी

मोजणीची व्यवस्था मात्र लगेच बसली, कारण ती स्वस्त होती आणि कुणाच्या धंद्याच्या आड येत नव्हती. पाण्यात रंगवलेली मोजपट्टी उभी केली. पायथ्याची सगळी ओल एका चरात गोळा करून चराच्या तोंडाशी लोखंडी पत्रा बसवला, त्यात काटकोनी त्रिकोणी खाच. खाचेत पाणी किती सेंटिमीटर चढलं ते पाहायचं, बस्स. एक पर्जन्यमापक. भरावात तीन ठिकाणी जाळीदार पाइप उभे पुरले, आत दोरीला वजन सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायला. माथ्यावर दर वीस मीटरला रंगाची खूण केलेले दगड, एका ओळीत. ओळ वाकली तर भराव हलला. सगळा खर्च पेडल बोटीच्या किमतीहून कमी.

मामांना मी दोनच गोष्टी शिकवल्या. एक, रोज एकाच वेळी, सकाळी गुरं सुटायच्या आधी. दुसरी, खाचेचं पाणी पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर खिडकीत ठेवायचं आणि सकाळी बूड पाहायचं. कारण भरावातून पाणी पाझरतं यात भिण्यासारखं काही नाही, मातीचं प्रत्येक धरण पाझरतं. पाण्यासोबत माती यायला लागली तर आतून पोखरण सुरू झाली, आणि ती डोळ्यांना दिसण्याआधी बाटलीत दिसते.

बाकी मामा स्वतःच शिकले. पाऊस पडला की उतारावरचं पाणी चरात येऊन खाच फुगते, म्हणून ते पावसानंतर चार दिवसांचे आकडे कंसात लिहायला लागले. मी सांगितलं नव्हतं. एकदा खाच एकदम शून्यावर आली. भाऊ खूश झाला, गळती थांबली म्हणून. मामांनी फोन केला : "साहेब, आटलं म्हणजे दुसरीकडनं गेलं असणार की." म्हशीनं चराचा काठ मोडला होता, पाणी पत्र्याला वळसा घालून जात होतं. आकडा वाढला तरी आणि उतरला तरी, कारण सापडेपर्यंत झोपायचं नाही, हे मला कॉलेजात शिकवलं गेलं होतं. मामांना कुणी शिकवलं, देव जाणे.

पहिल्या वर्षी वही कंटाळवाणी होती. पट्टी ७.२० असताना खाच ५, पट्टी उतरली की खाच उतरायची. अशी कंटाळवाणी वही म्हणजे खरी कमाई. तिच्याशिवाय पुढच्या वर्षीचा आकडा कशाशी ताडून पाहणार?

सात

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी मामांचा फोन आला. पट्टी ७.२०, खाच ७. "पाऊस पडून पाच दिस झालेत, साहेब. म्हणून सांगतोय."

दोन सेंटिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण त्रिकोणी खाचेत पाणी उंचीच्या अडीचाव्या घातानं वाढतं. पाच सेंटिमीटरला सेकंदाला पाऊण लिटरच्या थोडं वर, सात सेंटिमीटरला १.८ लिटर. म्हणजे तळ्याची पातळी तीच आणि पाझर दुपटीहून जास्त. मधल्या पाइपातलं पाणीही गेल्या वर्षीपेक्षा वर आलेलं. मी पोचलो तेव्हा मामांनी खिडकीतली बाटली पुढे केली. बुडाशी पिवळसर, नखाच्या जाडीचा थर. धार अजून निवळच दिसत होती.

मधल्या उन्हाळ्यात काय बदललं होतं? भाऊला आधी आठवेना. मग आठवलं. बोटी धक्क्यापाशी चिखलात रुतायच्या म्हणून धक्क्यालगत गाळ काढला होता. शेतकऱ्यांना गाळ हवाच होता, दीडशे-दोनशे ट्रॉल्या गेल्या. धक्का भरावाला चिकटून आहे, त्यामुळे पोकलेन थेट भरावाच्या पायथ्यापर्यंत गेलं. ज्या गाळानं पन्नास वर्षांत बूड लिंपून पाण्याची वाट लांबवली होती, तोच नेमका नको त्या जागी खरवडला गेला होता आणि खालचा मुरूम उघडा पडला होता. गाळ काढणं चांगलंच. भरावापासून लांब राहून काढायचा असतो, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी कुठं सांगितलं होतं? माझ्या बारा शिफारशींत हे नव्हतं.

तोपर्यंत भाऊनं दोन ट्रॉल्या काळी माती मागवून ठेवली होती, झऱ्यावर टाकून तो बुजवायला. हा मोह सर्वांना होतो. पण बाहेरचं तोंड बंद केलं की आतला दाब वाढतो आणि पाणी शेजारी नवी वाट काढतं, बहुधा आणखी वाईट. पाण्याला येऊ द्यायचं, मातीला अडवायचं. म्हणून झऱ्यावर आधी स्वच्छ वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, वर दगडांचं वजन. भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं. हे काम गावातल्या पोरांनी एका दुपारी केलं.

दुसरं काम पाणी उतरवायचं, आणि विमोचक नाही. भाऊ म्हणाला, "साहेब, दिवाळीचं बुकिंग आहे. पंधरा दिवस थांबलं तर?" हवामान खात्यानं चार दिवसांनी जोरदार पावसाचा इशारा दिला होता. मी त्याला बाटली दाखवली, तो म्हणाला एवढ्याशा मातीनं काय होतंय. मी गणित सांगितलं, तो ऐकून घेत राहिला. शेवटी मामा म्हणाले, "पाच नंबरच्या खोलीत आज रातच्याला तू झोप, मी वर थांबतो." त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊच घण घेऊन सांडव्यावर आला.

भिंत एकदम पाडली नाही. खालच्या वस्तीवर निरोप दिला, नाल्यातल्या मोटारी काढायला लावल्या, मग तीन मीटरची फट पाडली. दोन-तीन दिवसांत पाणी मूळ सांडव्याच्या पातळीला, ६.९० ला आलं. उरलेली भिंत आणि जाळी मग काढली. त्याखाली उतरवायला आठ इंची दोन सायफन लावले. दिवसाला चारेक सेंटिमीटर उतरायचं. पट्टी ६.०० ला यायला तीन आठवडे लागले. खाच ३ वर आली, बाटली स्वच्छ झाली. मधल्या काळात दोन माणसं रात्रपाळीला, बॅटरी आणि वस्तीवरच्या दहा जणांचे नंबर घेऊन. इशाऱ्याचा पाऊस आला, पण जास्त कोसळला मंगळवेढ्याच्या बाजूला. भिंत तशीच असती तर धरण फुटलं असतं का, हे मला सांगता येणार नाही.

उन्हाळ्यात गाळ काढल्याचा खड्डा काळ्या मातीनं थर देऊन, पाणी मारून, रुळानं दाबून भरला. पायथ्याला पक्का गाळणथर आणि दगडी टाच बांधली. धक्का भरावापासून सव्वाशे मीटर लांब नेला. सायफनचे पाइप आता कायम जागेवर आहेत, दर जूनमध्ये चालवून पाहतात. तिसऱ्या पावसाळ्यात तळं मूळ सांडव्यापर्यंत भरलं : पट्टी ६.९०, खाच ४.

मध्ये मामा महिनाभर आजारी होते, तेव्हा भाऊच्या एका पोरानं वही लिहिली. सलग अकरा दिवस खाच ४, पाऊस असो नसो. बाराव्या दिवशी मी जाऊन पाहिलं तर चरात पाला अडकून पत्रा बुडालेला. आता रोज खाचेचा फोटो मोबाइलवर येतो, मामांचासुद्धा. मामांना हा अपमान वाटतो. त्यांचं बरोबरच आहे, पण फोटो सुरू ठेवलेत.

जागेच्या मालकीचा कागद अजून फिरतोच आहे. सहापैकी चार खोल्या भाऊनं वरच्या माळावर हलवल्या. पाचवी आणि सहावी तिथंच आहे, हुरड्याच्या हंगामात भाड्यानं जाते. मामांनी आपली खाट मात्र सांडव्याकडच्या उंचवट्यावर नेलीय, आणि वही उशाखाली ठेवतात.